‘मग जगू’ म्हणता म्हणता : आयुष्याचा हिशेब मांडणारा कलाप्रकल्प

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली ‘नोकरी लागली की मग जगू’ म्हणतात. घर सांभाळणाऱ्या बाया ‘पोरं मोठी झाली की मग’ म्हणतात. वस्त्यांमध्ये काम करताना ही वाक्ये सतत कानावर येतात. वर्षे सरतात आणि ते ‘मग’ पुढेच ढकलले जाते. मरणानुस्सती हा आपल्या परंपरेतील ध्यानविषय आहे, त्यामुळे मरण आठवून आजचा दिवस सार्थकी लावणे आपल्याला नवे नाही. पण हीच जाणीव कलेतूनही जागी ठेवता येते. त्यासाठी चित्रकला येण्याची गरज नाही.

तीन कलाकारांनी काय केले?

जपानमध्ये जन्मलेल्या ऑन कावारा यांनी ४ जानेवारी १९६६ पासून तारखांची चित्रे रंगवली. एकरंगी पार्श्वभूमीवर फक्त त्या दिवसाची तारीख. चित्र त्याच मध्यरात्रीपर्यंत पूर्ण झाले नाही, तर ते नष्ट करायचे, हा त्यांचा नियम होता. २०१४ मध्ये निधन होईपर्यंत अशी सुमारे ३ हजार चित्रे झाली.

तैवानचे तेहचिंग शिए १९७४ साली जहाजावरून उतरून अमेरिकेत गेले आणि कागदपत्रांशिवाय राहिले. पोटासाठी ते उपाहारगृहांत भांडी घासत, साफसफाई करत. कामगार हजेरीसाठी वापरतात तसले घड्याळ त्यांनी खोलीत लावले आणि एप्रिल १९८० पासून वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला कार्ड पंच केले. एकूण ८,७६० वेळांपैकी १३३ वेळा नोंद चुकली. त्यातल्या ९४ वेळा झोप लागली होती. ही चुकामूकही त्यांनी प्रकल्पातच मांडली.

कॅन्डी चँग यांनी २०११ साली न्यू ऑर्लिन्समधील एका पडक्या घराची भिंत फळ्यासारखी रंगवली. त्यावर ‘मरण्यापूर्वी मला... करायचे आहे’ हे अपूर्ण वाक्य ओळीने छापले आणि शेजारी खडू ठेवले. दुसऱ्या दिवशी भिंत भरलेली होती. एका जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर त्यांना हे सुचले होते. पुढे जगभरातील वस्त्यांनी अशा भिंती उभारल्या.

तिघांचीही साधने साधी होती. काम उभे राहिले ते ठरवलेल्या नियमामुळे.

आपला प्रकल्प कसा उभारावा?

पहिली पायरी प्रश्नाची. ‘आयुष्याचा अर्थ काय’ असा मोठा प्रश्न नको. ‘आज माझा वेळ कोणाकडे गेला?’ एवढा पुरे.

दुसरी पायरी नियमाची. समजा, चौकटीच्या वहीत रोज २४ घरांची एक ओळ आखली. एक घर म्हणजे एक तास. झोप, मजुरी, घरकाम, प्रवास, मोबाईल आणि ‘माझ्या मनासारखे’ यांना वेगवेगळे रंग द्यायचे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरी पायरी मुदतीची. सुरुवातीला ३० दिवस घ्यावेत. राहिलेला दिवस नंतर आठवून भरू नये. ती ओळ कोरीच ठेवावी, कारण तीही खरी नोंद आहे.

महिनाअखेर वहीत ३० ओळींचे चित्र तयार होते. घरकामाला जाणाऱ्या ताईच्या आणि तिच्या नवऱ्याच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर ‘मनासारखे’ हा रंग कोणाच्या वहीत किती आहे, हे बोलून दाखवावे लागत नाही. मला या कामाचे मोल इथेच वाटते. ‘आयुष्य भरभरून जगा’ हा सल्ला सर्वांना सारखाच दिला जातो, पण हातात उरणारा वेळ सारखा नसतो. काही तास आपण स्वतः घालवतो, काही तास आपल्याकडून काढून घेतले जातात. या दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी सवय बदलावी लागते, दुसऱ्यासाठी घरात आणि कामाच्या ठिकाणी वाटणी मागावी लागते.

एक काळजी मात्र घ्यावी. अशा वह्या विहारात किंवा वाचनालयात मांडायच्या असतील, तर प्रत्येकाची संमती घ्यावी आणि नावे झाकावीत. कोणावरही दाखवण्याची सक्ती नको.

एक वही आणि सहा रंगीत पेन्सिली एवढ्यावर हे काम सुरू होते. पहिली ओळ आज रात्रीच भरता येईल.