बायबलवाचनाचा नेम

बायबल हा अनेक ग्रंथांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. कॅथलिक परंपरेत पुस्तकांची संख्या ७३ आहे. हा पसारा पाहिला की नोकरी, प्रवास आणि घर सांभाळणारा वाचक निवांत दिवसाची वाट पाहू लागतो, आणि वाचन राहून जाते. ते टिकते ते रोजचा वाटा व रोजची वेळ आधीच ठरलेली असली तरच. दासबोधाचा रोज एक समास वाचणाऱ्या घरांना हे तत्त्व चांगले ठाऊक आहे.

कॅथलिक चर्चने हा वाटा उपासनेतच बांधून दिला आहे. दादरला शिवाजी पार्कपासून जवळ, गोखले रोडवर ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून ओळखले जाणारे अवर लेडी ऑफ साल्वेशन चर्च आहे. त्याची स्थापना १५९६ साली फ्रान्सिस्कनांनी केली. आजची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची आहे. जगभरच्या कॅथलिक चर्चप्रमाणे इथेही रोजच्या मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) त्या त्या दिवसाची नेमलेली वाचने होतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, हा क्रम नव्याने आखला गेला. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. त्यात अनुक्रमे मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने प्रमुख असतात. मिस्सेला जाणे जमले नाही, तरी तीच वाचने घरी किंवा मोबाइलवर वाचता येतात.

घरी स्वतंत्र वाचणाऱ्यासाठी हिशेब सोपा आहे. रोज तीन-चार अध्याय वाचले तर ६६ पुस्तकांचे बायबल वर्षात पुरे होते. बायबलच्या नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस एकेक अध्याय वाचला, तर तो वर्षभरात संपतो आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात. नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय ३१ आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची पद्धत रूढ आहे. १५० स्तोत्रे रोज पाच या प्रमाणात महिन्यात होतात.

वेळ ठरवताना ती एखाद्या पक्क्या सवयीला जोडावी: सकाळच्या चहाआधी, किंवा रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेच्या वेळी. लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडणे अशक्य असेल, तर ध्वनिमुद्रित बायबल ऐकता येते. मात्र मननासाठी दिवसातली काही शांत मिनिटे राखावीत.

समजेल अशी भाषाही नेमाला आधार देते. पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रियांनाही कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांपर्यंत पोहोचले.

पहिल्या पानापासून सुरुवात करणारे अनेक जण लेवीय आणि गणना या पुस्तकांतील विधिनियम व वंशयाद्यांपाशी अडतात. नवख्याने १६ अध्यायांचे मार्ककृत शुभवर्तमान आधी घ्यावे. नेम चुकला, तर मागचे अध्याय एकदम उरकू नयेत, कारण साचलेल्या वाट्याचे ओझे होऊन वाचन सुटते. त्या दिवसाच्या वाट्यापासून पुढे चालू ठेवावे. राहिलेले अध्याय पुढच्या वर्षीच्या फेरीत येतातच.