बैलाचे दात पाहतो, मुलाचे वय लपवतो

बैलबाजारात आपण आधी बैलाचा ओठ वर करून दात पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. शिंगे साळून, तेल लावून कोणी म्हातारा बैल माथी मारला, तर त्याचे नाव आपण जन्मभर विसरत नाही. मग हीच लबाडी पोरांच्या खेळात कशी चालते?

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. वाढीच्या वयात दोन वर्षांत पोराची उंची आणि ताकद झपाट्याने बदलते, म्हणून हे गट. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मोह होतो आणि दाखल्यावरची तारीख बदलते.

काही वर्षांपूर्वी एका कबड्डी स्पर्धेत मी गुण लिहायला बसलो होतो. चौदाच्या गटात आमच्या गावच्या एका पोराला मिसरूड फुटलेले. त्याचे खरे वय मला ठाऊक होते. समोरचा किरकोळ पोरगा त्याच्या पकडीत आपटला. धूळ झटकत माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, हा खरंच चौदाचा आहे का हो?" मी मान खाली घालून गुण लिहिले. गाव जिंकले, मी हरलो.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २००१ साली मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत न्यूयॉर्कचा एक संघ तिसरा आला. बारा वर्षांचा म्हणून गाजलेला त्यांचा खेळाडू चौदाचा निघाला. खोटा दाखला वडिलांनी केला होता. संघाचे यश रद्द झाले आणि बोभाटा झाला तो पोराचा.

आता मनगटाच्या हाडांवरूनही वयाचा अंदाज घेतात. फुटबॉलच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात २००९ पासून अशी तपासणी होते. पण घरातच खरे बोलले, तर ती वेळ यावी कशाला?

युरिया जास्त झालेले पीक हिरवेगार दिसते आणि पहिल्या वाऱ्यात लोळते. लहानांना हरवून मोठा झालेला खेळाडू खुल्या गटात बरोबरीचा गडी भेटताच तसाच लोळतो. डाव शिकायची वर्षे त्याने फुकट घालवलेली असतात.

तेव्हा पोराला त्याच्याच वयाच्या गटात उतरवा. हरला तर पाठीवर हात ठेवा. आणि माझ्यासारखे टेबलाशी बसाल, तर मान खाली घालू नका.