काडेपेटीतल्या तीन काड्या

२८ नोव्हेंबर १९४३ची रात्र. दोस्त राष्ट्रांच्या तेहरान परिषदेत जेवणं आटोपली होती, रूझवेल्ट आपल्या खोलीकडे गेले होते. मागे राहिलेल्या चर्चिल आणि स्टालिन यांच्यात पोलंडचा विषय निघाला. चर्चिलनी काडेपेटीतल्या तीन काड्या काढल्या आणि त्या सरकवून दाखवल्या. कवायतीत शिपाई दोन पावलं बाजूला सरकतात, तसा पोलंडही पश्चिमेकडे सरकवता येईल. स्टालिनना ही युक्ती पसंत पडली, असं पुढे चर्चिलनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. टेबलाशी पोलंडचा एकही माणूस नव्हता.

पुढच्या दोनेक वर्षांत पोलंड खरोखरच सरकला, सुमारे २०० किलोमीटर. पूर्वेकडचा जवळपास १,८०,००० चौरस किलोमीटर मुलूख सोव्हिएत संघाने घेतला. त्या बदल्यात पश्चिमेला आणि उत्तरेला जर्मनीचा सुमारे १,००,००० चौरस किलोमीटर मुलूख मिळाला. युद्धाआधी ३,८९,००० चौरस किलोमीटर असलेला देश ३,१२,००० वर आला. युद्ध जिंकलेल्या बाजूचा हा देश, तरी एक पंचमांश जमीन गमावून बाहेर पडला.

हे ३,१२,००० म्हणजे किती? महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा आहे. पोलंड आपल्याहून पाचेक हजारांनी मोठा, बस. लोकसंख्या मात्र ३ कोटी ७० लाखांच्या आसपास. महाराष्ट्राची २०११च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख होती. पोलंड म्हणजे 'बिचारा चिमुकला देश' असं आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ते बरोबर नाही. युरोपीय संघात लोकसंख्येने तो पाचवा आणि क्षेत्रफळाने सहावा आहे. जर्मनी ३,५७,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे जमिनीने फार मोठा नाही, पण माणसं ८ कोटी ३० लाख. रशिया १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर, पोलंडच्या ५५ पट. या दोघांच्या मधली जमीन ताटासारखी सपाट. देशाची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची आहे १७३ मीटर. दक्षिणेला डोंगर आहेत, पण सैन्यं आली ती पूर्वेकडून नाहीतर पश्चिमेकडून, आणि तिकडे अडवायला डोंगरच नाही.

त्या तीन काड्या तेहरानमध्ये सरकत होत्या, तेव्हा कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची एक आख्खी वसाहत उभी राहिलेली होती. तिथे सुमारे ५,००० माणसं राहून गेली, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालडब्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली होती. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर समीकरण बदललं, कैदी सुटले. १९४२ मध्ये पोलिश जनरल अँडर्सच्या फौजेबरोबर सैनिक आणि कुटुंबं मिळून सुमारे १,१५,००० जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. त्यांतली काही कुटुंबं कराचीमार्गे करवीर संस्थानात पोचली. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना असं सगळं तिथे होतं. युद्ध संपलं की घरी जायचं, या हिशोबाने बायका दिवस काढत होत्या. १९४५ साली कळलं की घर आहे तिथेच आहे, देश मात्र तिथून उठून गेलाय. वसाहत १९४८पर्यंत चालली. वॉर्सात आज या वसाहतीच्या आठवणीचं एक स्मारक आहे, त्यावर कोल्हापूरचं नाव आहे.

घर जागेवर आणि देश फिरता, हे समजून घ्यायला ल्विव शहर घ्यावं. १९०० साली तिथे जन्मलेलं एक मूल कल्पनेत धरा. जन्माच्या वेळी गावाचं सरकारी नाव लेम्बेर्ग, राज्य ऑस्ट्रिया-हंगेरीचं. अठराव्या वर्षी तीन आठवडे युक्रेनियन प्रजासत्ताक, लगेच पोलंड, गावाचं नाव ल्वूव. एकोणचाळिसाव्या वर्षी सोव्हिएत संघ. एकेचाळिसाव्या वर्षी नाझी जर्मनी. चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सोव्हिएत. आणि एक्क्याण्णव वर्षं जगलंच असेल तर शेवटी स्वतंत्र युक्रेन. सहा राज्यं, त्यातलं एक दोनदा, पहिल्या महायुद्धातला रशियन मुक्काम मोजलेलाच नाही. एवढ्यात या माणसाने घराचा उंबरठाही बदलला नसता. अर्थात प्रत्यक्षात बहुतेकांना बदलावा लागला. १९४४ ते १९४६ या काळात सोव्हिएत हद्दीत गेलेल्या भागांतून दहा लाखांहून जास्त पोलिश माणसं पश्चिमेकडे आणली गेली. तिकडे पश्चिमेला पोलंडला मिळालेल्या मुलखातून जर्मन पळाले, उरलेले हाकलले गेले. दोन्ही मिळून आकडा सत्तर लाखांच्या घरात जातो. ब्रेसलाऊ हे सहा लाखांहून जास्त वस्तीचं जर्मन शहर काही वर्षांत व्रोत्स्वाफ झालं, आणि त्याची जवळजवळ संपूर्ण लोकसंख्या बदलली. पाटी बदलली, की भिंतींमागचा माणूसही बदलला.

ल्वूवमधून व्रोत्स्वाफला माणसांबरोबर एक चित्रही आलं. उंची १५ मीटर, लांबी ११४ मीटर. रात्स्वावित्सेच्या लढाईचं हे गोलाकार भलंमोठं चित्र १८९४ साली ल्वूवमध्ये लोकांसाठी खुलं झालं. लढाई त्याआधी बरोबर शंभर वर्षांची: ४ एप्रिल १७९४ रोजी पोलिश सेनानी कोश्चुश्कोच्या सैन्याने, ज्यात सरळ पात्याचे विळे घेतलेले शेतकरी होते, रशियन फौजेला हरवलं होतं. १९४६ साली ते गुंडाळून व्रोत्स्वाफला आणलं, आणि मग पंचाईत झाली. चित्रात हरणारा रशियन होता, आणि नवं सरकार मॉस्कोच्या मर्जीतलं. ते लावणार कुठे आणि कोण? ते उघडायला १९८५ उजाडलं. एकोणचाळीस वर्षं एक शेजारी दुखावेल म्हणून ११४ मीटर कॅनव्हास वळकटीत पडून होता. दोन देशांमधलं नातं कुठल्या करारापेक्षा मला या वळकटीत जास्त स्पष्ट दिसतं.

पोलंड कायम गरीब बिचाराच होता असं मात्र नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोलंड आणि लिथुआनियाचं संयुक्त राज्य सुमारे १० लाख चौरस किलोमीटर पसरलं होतं, आजच्या तिप्पट. १६१० ते १६१२ अशी दोन वर्षं पोलिश फौज मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये तळ ठोकून होती. तिला हुसकावल्याची आठवण म्हणून रशिया आजही ४ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी पाळतो. १६८३ साली तुर्कांच्या वेढ्यातून व्हिएन्ना सोडवली ती पोलंडच्या राजाने, यान सोबिएस्कीने. त्यानंतर ८९ वर्षांनी पोलंडचा पहिला लचका तोडणाऱ्या तिघांत एक व्हिएन्नाच होती.

मग हे राज्य कोसळलं कशाने? एका माणसाने. संसदेतल्या कुठल्याही एका सदस्याने 'मला मान्य नाही' म्हटलं की ठराव रद्द, आणि त्या अधिवेशनात आधी झालेले ठरावही बाद. १६५२ मध्ये हा हक्क पहिल्यांदा असा वापरला गेला आणि मग पायंडा पडला. राजा तिसऱ्या ऑगस्टसच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत संसदेचं फक्त एक अधिवेशन नीट पार पडलं, १७३६चं. बाकीची सगळी मोडली. मोडण्यासाठी शंभर माणसं फोडायची गरज नव्हती, एकाला पुरेसे पैसे दिले की भागायचं, आणि शेजाऱ्यांच्या तिजोरीला तेवढा खर्च काहीच नव्हता. हा हक्क पोलंडमध्ये कायम राहावा म्हणून शेजारी आपापसांत करारही करत होते. दुसऱ्याच्या घरात लोकशाही जपायची एवढी कळकळ क्वचितच दिसते.

सैन्याचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. १७१७ साली पोलंडच्या फौजेला २४,०००ची मर्यादा घालण्यात आली, तीही कागदावरची, प्रत्यक्ष माणसं त्याहून कमी.  शेजारी प्रशियाची १७४० साली लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि खडं सैन्य ८०,०००. म्हणजे लोकसंख्या पोलंडहून कितीतरी कमी, आणि सैन्य तिपटीहून जास्त. पुढे १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने देश वाटून संपवला. मधल्या काळात, ३ मे १७९१ रोजी, पोलंडने युरोपातलं पहिलं आधुनिक लिखित संविधान केलं होतं, पण फार उशिरा. तिसरी वाटणी ठरली ऑक्टोबर १७९५ मध्ये. त्याच महिन्यात पुण्यात शनिवारवाड्यावरून पडून सवाई माधवराव गेले. दोन्ही राज्यांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. दोन वर्षांनी वाटेकऱ्यांनी एका गुप्त कलमात मान्य केलं की 'पोलंडचं राज्य' हे नावच इथून पुढे कायमचं पुसायचं.

१२३ वर्षं नकाशावर पोलंड नव्हता. ११ नोव्हेंबर १९१८ला तो परत आला, तेव्हा एका देशात तीन साम्राज्यांचा गोंधळ होता. खिशात मार्क, क्राउन आणि रुबल. पूर्वेकडच्या रेल्वेचे रूळ रुंद, पश्चिमेकडचे अरुंद. कायदेही निरनिराळे. १९२४ साली नवं चलन, झ्वोटी, आलं तेव्हा एका झ्वोटीसाठी १८,००,००० पोलिश मार्क द्यावे लागले. तेव्हाच्या जर्मन सत्तेत दाट विणलेलं रेल्वेचं जाळं आणि रशियन सत्तेत विरळ राहिलेलं, हा फरक आजही नकाशात डोळ्यांना दिसतो. जुन्या सरहद्दी माणसं विसरली, रूळ विसरले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाचे आकडे लिहिताना हात जरा थांबतो. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनी आला, १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघ. आधी साडेतीन कोटींच्या आसपास असलेल्या देशाचे सुमारे ६० लाख नागरिक मेले, जवळजवळ सहातला एक. त्यांत निम्मे ज्यू. युद्ध २,०८० दिवसांच्या आसपास चाललं, म्हणजे रोज सरासरी २,८००हून जास्त माणसं. ५ मार्च १९४०ला स्टालिनच्या पॉलिटब्युरोने एका हुकुमावर सह्या केल्या आणि कातिनच्या जंगलासकट अनेक ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि शिक्षित माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. हे आपण केलं, हे मॉस्कोने मान्य केलं १९९० साली. १३ लाखांच्या वॉर्सातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास इमारती जमीनदोस्त झाल्या. जुनं गाव पुन्हा बांधताना अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराने रंगवलेली शहराची चित्रं हाताशी घेतली गेली.

यानंतरचा आकडा मात्र मी नेहमी जरा मजेने सांगतो. १९८९ मध्ये पोलंडला तीन शेजारी होते: पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ. १९९३ला सात झाले: जर्मनी, चेक, स्लोव्हाकिया, युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया आणि कालिनिनग्रादच्या रूपाने रशिया. यात पोलंडची सरहद्द एक बोटभरही हलली नाही. सरहद्द तीच राहिली, पलीकडचे तिन्ही देश मात्र नाहीसे झाले. चर्चिलच्या काड्या या वेळी उलट्या बाजूने सरकल्या असं म्हणायला हरकत नाही. शेवटचे रशियन सैनिक पोलंडमधून गेले ते १७ सप्टेंबर १९९३ला. तारीख उगाच निवडलेली नव्हती.

आता पोलंड १९९९पासून नाटोत आणि २००४पासून युरोपीय संघात आहे. जर्मनीच्या सगळ्यात मोठ्या व्यापारी भागीदारांत त्याची गणना होते. २००९ साली जगात मंदी होती, तेव्हा संघातल्या देशांपैकी फक्त पोलंडची अर्थव्यवस्था वाढली. २०२४ मध्ये संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून जास्त खर्च करून तो नाटोत सगळ्यात पुढे होता. कारण विचारलंत तर लोक नकाशावर बोट ठेवतात. कालिनिनग्राद आणि बेलारूस यांच्या मधली सुवाल्कीजवळची पट्टी सुमारे ६५ किलोमीटरची. बाल्टिक देशांकडे जमिनीवरून जायचा नाटोचा रस्ता एवढाच.

प्शेमिशल हे पोलंडचं युक्रेनच्या सरहद्दीवरचं गाव. तिथे दोन जातींचे रूळ शेजारी शेजारी आहेत, युरोपचा १,४३५ मिलिमीटरचा आणि पूर्वेकडून येणारा १,५२० मिलिमीटरचा. फरक ८५ मिलिमीटरचा, हाताच्या चार बोटांएवढा. डबे तसेच्या तसे पुढे जात नाहीत, उतरून गाडी बदलावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पहिल्या महिन्यात युक्रेनमधून २० लाखांहून जास्त माणसं पोलंडमध्ये आली. त्यांतले कितीतरी जण ल्विवची गाडी पकडून रुंद रुळावरून या स्टेशनात आले, पिशवी आणि मूल घेऊन उतरले, आणि दुसऱ्या फलाटाकडे, अरुंद रुळावरच्या गाडीकडे चालू लागले.