नाटकाचं परीक्षण: लिहितात कसं, वाचावं कसं

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या घरात नाटकाला जायचं म्हटलं की आधी हिशेब मांडला जातो. त्यातल्या त्यात जवळ कल्याणचं अत्रे रंगमंदिर. डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर त्याच्या पुढं, आणि ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये बसायचं तर परतीच्या बदलापूर किंवा कर्जत लोकलची वेळ मनात धरूनच बसावं लागतं. चौघांची तिकिटं, रिक्षा, बाहेरचं खाणं. एवढं सगळं खर्चण्याआधी नाटक कसं आहे, हे कुणीतरी जाणत्यानं सांगावं असं वाटणारच. समीक्षकाचं पहिलं काम तेच. तरीही ‘समीक्षकांना आवडलंय ना, मग आपल्याला झेपायचं नाही’ हे वाक्य याच घरांत ऐकू येतं. हा अविश्वास समजून घ्यायचा तर परीक्षण कसं तयार होतं ते पाहायला हवं.

नवं व्यावसायिक नाटक रंगभूमीवर आलं की सुरुवातीच्या एखाद्या प्रयोगाला निर्माता वर्तमानपत्रांच्या नाट्यसमीक्षकांना आमंत्रण देतो. समीक्षक बहुधा एकदाच नाटक पाहतो, घरी येऊन लिहितो आणि मजकूर ठरलेल्या जागेत बसवतो. संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत या सगळ्यांचा परामर्श त्यात घ्यायचा असतो. घाईचं परीक्षण इथंच ओळखू येतं. अर्ध्याहून अधिक जागा कथानक सांगण्यात जाते आणि शेवटी नेपथ्य ‘पूरक’, प्रकाशयोजना ‘समर्पक’, संगीत ‘साजेसं’ ठरतं. असल्या विशेषणांनी वाचकाला काहीच कळत नाही. समीक्षेवरचा विश्वास कडक टीकेपेक्षा या गुळमुळीत लिखाणानं जास्त घालवला, असं मला वाटतं.

शिवाय नाटक बदलत राहतं. पहिल्या प्रयोगांनंतर लांबलेले प्रवेश कापले जातात, नट भूमिकेत मुरतात, कधी नटही बदलतात. चित्रपट कल्याणला आणि पुण्याला एकच असतो, नाटकाचं परीक्षण मात्र एका विशिष्ट प्रयोगाचं असतं. म्हणून त्याची तारीख बघावी.

चांगला समीक्षक प्रेक्षकाला एकट्याला न दिसणारं दाखवतो. मराठी नाटकांची परदेशी मुळं शोधून काढणारे माधव मनोहर हे याचं ठळक उदाहरण. त्यासाठी प्रचंड वाचन लागतं, आणि नाटककारांचा रोष पत्करायची तयारीही.

समीक्षेचा सवाल इतरांपेक्षा वेगळा कसा असतो, हे एका वादावरून दिसतं. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. इतिहासातल्या नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून वादळ उठलं आणि ते सादर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननं १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा उभं केलं. विरोधकांचा सवाल होता, नाना असा होता का? समीक्षेनं विचारायचा सवाल वेगळा आहे. या नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची एक रांग कधी पडदा होते, कधी गर्दी. त्यातून सत्ता आपल्या सोयीचा राक्षस कसा घडवते, हे रंगमंचावर दिसतं का? पहिला सवाल नाटक न पाहताही विचारता येतो. दुसऱ्यासाठी मात्र नाटक पाहावंच लागतं.

हा फरक कायद्यातही आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९९ बदनामीचं. त्याच्या सहाव्या अपवादानुसार लोकांच्या निर्णयासाठी सादर केलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेनं दिलेलं मत बदनामी ठरत नाही. पुस्तक छापणारा, रंगमंचावर उभा राहणारा नट किंवा गायक आपलं काम असं लोकांपुढं ठेवतो. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तिथलं उदाहरण मुद्दाम ध्यानात ठेवावं. ‘पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखक दुबळ्या बुद्धीचा असावा’ असं म्हटलं तर संरक्षण मिळतं, कारण अनुमान पुस्तकावरून काढलेलं आहे. ‘लेखकच दुबळा नि छंदीफंदी, पुस्तक तसं निघालं यात नवल काय’ असं म्हटलं तर मिळत नाही, कारण इथं मत पुस्तकाच्या आधारावर उभंच नाही.

वाचकानंही हीच कसोटी लावावी. साडेतीन तारे पाहून निर्णय घेऊ नये; मताला प्रयोगातला पुरावा दिलाय का ते शोधावं. ‘दुसरा अंक रेंगाळतो’ असं लिहिलं असेल तर कोणत्या प्रवेशात आणि कशामुळं, हे पुढं आलं पाहिजे. जाहिरातीतलं कौतुकाचं वाक्य मूळ परीक्षणात कुठल्या वाक्यांच्या मधोमध होतं, तेही तपासावं. आपण पाहिलेल्या दोन-तीन नाटकांवर त्याच समीक्षकानं काय लिहिलं होतं ते वाचलं, की त्याची आवड आणि आपली आवड कुठं जुळते, कुठं फाटते, ते कळतं. जिथं नेमानं फाटते, तिथंही तो उपयोगाचाच असतो: त्यानं नावडलं म्हणून कारणांसह सांगितलेलं नाटक आपण खुशाल बुक करू शकतो.