टपाल अडतें कोठें?

ई-मेल म्हणजे क्षणार्धांत पोंचणारें पत्र, अशी सर्वत्र समजूत आहे. त्यामुळें पत्राला चार तास उशीर झाला, कीं संशय येतो तो माणसावर. मुलाच्या प्रवेशासंबंधींचें पत्र मुदत टळल्यावर हातीं पडतें. कार्यालय म्हणतें, "सकाळीं दहालाच पाठविलें." घरचीं माणसें म्हणतात, "दोनपर्यंत कांहींच आलें नव्हतें." दोघांचेंहि म्हणणें खरें असूं शकतें. मधले तास पुष्कळदां पत्र वाहून नेण्यांत गेलेले नसतात. ते पत्ता पुसण्यांत गेलेले असतात.

यंत्रें परस्परांना आंकड्यांनीं ओळखतात. माणसें नांवें वापरतात. आरंभीं सर्व यंत्रांचीं नांवें व आंकडे यांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें ठेविलेली असे आणि जो तो तिची नक्कल करून घेई. यंत्रें वाढलीं, यादी आवरेना. तेव्हां १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं डी. एन्. एस्. ही व्यवस्था योजिली. ज्याचें नांव, त्याची नोंद त्यानें ठेवावयाची आणि पुसेल त्याला सांगावयाची, हें तिचें सूत्र. १९८६ मध्यें या नोंदींत एम्. एक्स्. नांवाची नोंद आली. अमुक नांवाचें टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावें, हें ती सांगते.

आतां एका पत्राचा प्रवास पाहावा. पाठविणारा सर्व्हर प्रथम एम्. एक्स्. नोंद पुसतो, मग त्या यंत्राचा आंकडा पुसतो, आणि दारीं जातो. तेथला सर्व्हरहि स्वस्थ बसत नाहीं. आलेल्याच्या आंकड्यावरून तो उलट नांव शोधतो. शिवाय उपद्रवी प्रेषकांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थांकडे चौकशी करितो. ह्या सर्व चौकशा डी. एन्. एस्. मार्फतच चालतात. पत्र एक, प्रश्न अनेक.

यांतला एखादा उत्तर देणारा मुका झाला, तर काय होतें? लिनक्स यंत्रांत, कोणाला पुसावयाचें त्या नामसर्व्हरांची एक छोटी यादी असते. तींतला पहिला बंद पडलेला असला, तर साधारणतः पांच सेकंद वाट पाहून मग दुसऱ्याला विचारलें जातें. असे सहा प्रश्न झाले, कीं अर्धें मिनिट गेलें. पत्र घेणाऱ्या सर्व्हरकडे ही अडचण झाली, तर तो दाराशीं आलेल्याला ‘या’ म्हणण्यासच उशीर लावितो. नियमाप्रमाणें पाठविणाऱ्यानें त्या स्वागतासाठीं पांच मिनिटें थांबावें. परंतु घाईचा सर्व्हर त्यापूर्वींच परततो. पत्र रांगेंत जातें, आणि पुढचा प्रयत्न निदान अर्ध्या तासानें करावा असा संकेत आहे. सेकंदांचे तास होतात ते असे.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. "असें नांवच नाहीं" हें एक उत्तर आहे. तें मिळालें तर पत्र तात्काळ प्रेषकाकडे परत जातें. उत्तरच न मिळणें ही गोष्ट निराळी. त्या वेळीं सर्व्हर पत्र जपून ठेवितो आणि चार-पांच दिवसपर्यंत पुनः पुनः प्रयत्न करितो. मौनाला तो नकार समजत नाहीं. म्हणून उशीर हा दोष खरा, पण त्याच्या मुळाशीं पत्र हरवूं न देण्याची सावधगिरी आहे. चुकीचें उत्तर मौनाहून घातक ठरतें. ओ. आर्. डी. बी. नांवाची प्रेषकांची एक यादी डिसेंबर २००६ मध्यें बंद झाली. तरी कित्येक सर्व्हर तिला पुसतच राहिले. मार्च २००८ मध्यें त्या नांवावरून प्रत्येक प्रश्नाला "होय, हा उपद्रवी" असें उत्तर येऊं लागलें, आणि निरपराध पत्रें दारांतून परत गेलीं.

शोध क्रमानें करावा. पोस्टफिक्स हा टपालाचा प्रचलित कार्यक्रम प्रत्येक पत्रापुढें चार काळ नोंदतो: पत्र आंत येण्यास, रांगेंत, जोडणी करण्यास आणि प्रत्यक्ष पोंचविण्यास लागलेला. नांवांची चौकशी तिसऱ्यांत मोडते. तो मोठा दिसला, तर ‘डिग’ या आज्ञेनें प्रत्येक नामसर्व्हराला वेगवेगळें विचारून कोण मुका आहे तें पाहावें. मेलेला सर्व्हर व बंद पडलेल्या याद्या काढून टाकाव्यात. आपल्या आंकड्याची उलट नोंद, ज्यानें आंकडा दिला त्या इंटरनेट कंपनीकडून करून घ्यावी. लहान उत्तरें यू. डी. पी. या मार्गानें येतात, मोठीं टी. सी. पी. नें, दोहोंसाठीं ५३ क्रमांकाचें दार उघडें आहे ना, हें तपासावें. एका वेळीं एकच बदल करावा, म्हणजे गुण कशानें आला तें कळतें.

घरच्या माणसालाहि एक गोष्ट करतां येते. प्रत्येक ई-मेलचा संपूर्ण मथळा उघडून पाहतां येतो. वाटेंतील प्रत्येक सर्व्हर त्यावर आपला वेळेचा शिक्का मारतो, आणि नवा शिक्का जुन्याच्या वर बसतो. म्हणून तो खालून वर वाचावा. वेळेपुढें +०५३० असेल तर ती भारतीय वेळ. इतर वेळा तिच्याशीं जुळवून घ्याव्यात. ज्या दोन शिक्क्यांत चार तासांचें अंतर दिसेल, तेथें पत्र अडलें. प्रवेशाच्या मुदतीसाठीं विनंति करावयाची झाली, तर सकाळीं दहाचा तो पहिला शिक्का कार्यालयापुढें ठेवावा. कोणावर खोटेपणाचा आरोप करण्यापूर्वीं तो वाचणें बरें.