वहीत नसलेला राउटर

घोटीच्या आपल्या शाळेत संगणक कक्षाचे इंटरनेट मंदावले, तेव्हा आम्ही प्रथम पावसालाच दोष दिला. शोध घेता वसतिगृहातील कपाटामागे कोणीतरी परस्पर जोडलेला राउटर सापडला. त्याला पासवर्डही नव्हता.

ही बाब क्षुल्लक नव्हे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांसंबंधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता; तपास प्रथम त्या घराच्याच दारी पोहोचला.

शोधाची रीत अवघड नाही. वायफायचे प्रत्येक यंत्र सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या अस्तित्वाची हाळी देते. नाव लपविले तरी हाळी थांबत नाही, आणि तीत यंत्राचा मॅक पत्ता असतो. शाळेचे नाव कोणीही धारण करील. म्हणून पडताळणी पत्त्याची करावी. आम्ही आपल्या यंत्रांचे पत्ते वहीत उतरविले आणि मोबाइलवरील ॲप घेऊन खोलीखोलीतून हिंडलो. वहीत नसलेला संकेत उणे ८० डीबीएमवरून उणे ४० कडे चढला, की यंत्र जवळच असते. अर्थात शेजारच्या दुकानाचे वायफायही यादीत येते, त्याच्याशी आपले भांडण नाही. आपल्या तारेवर कोण बसले आहे, हे स्विचमधील पत्त्यांचा तक्ता सांगतो. राउटरचा तारेकडील पत्ता बहुधा हवेतील पत्त्याच्या लगतचाच असतो.

जोडणारा आमचाच सहकारी निघाला. मुलांना रात्री शिष्यवृत्तीचे अर्ज भरता यावेत, एवढाच त्याचा हेतू होता. तेथे आता शाळेचा, पासवर्ड असलेला राउटर बसविला आहे.