शिदोरी बांधून एका दिवसाची सहल

कुटुंबाच्या सहलीचा खर्च चार वाटांनी जातो: प्रवास, मुक्काम, जेवणखाण आणि प्रवेशाची तिकिटे. यातला मुक्काम वगळला की सर्वांत जड ओझे उतरते. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशी पाहण्यासारखी ठिकाणे महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या गावांपासून पन्नास-साठ किलोमीटरांच्या आत आहेत आणि बहुतेक ठिकाणी एसटी किंवा रेल्वे पोहोचते. तरीही सुट्टी आली की बेत थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलाचा होतो, दर ऐकून बारगळतो आणि मुले घरीच राहतात. गावाजवळचा किल्ला किंवा लेणी मात्र पाहायची राहून जातात, हे वाईट आहे.

बेताच्या खर्चाच्या प्रवासाचा कणा आजही एसटीच आहे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी धावली, तेव्हापासून राज्याच्या आडबाजूच्या गावांपर्यंत हीच गाडी जात आली आहे. जानेवारी 2025 मध्ये भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, पण सवलती नीट वापरल्या तर कुटुंबाचा प्रवास अजूनही परवडतो. राज्याच्या हद्दीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धे, तर पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धे. समजा एखाद्या ठिकाणचे पूर्ण तिकीट शंभर रुपये आहे आणि घरात आईवडील, सत्तर वर्षांची आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. वडिलांचे शंभर, आई, आजी आणि मुलगी यांचे पन्नास-पन्नास, धाकट्याचे काही नाही. पाच माणसे अडीचशे रुपयांत जातात. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी ओळखपत्र मात्र पिशवीत हवे.

सलग चार किंवा सात दिवस फिरायचे असेल तर महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास मिळतो. चार-पाच बिऱ्हाडांनी मिळून जायचे असेल तर प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घेता येते. वाड्यातली किंवा सोसायटीतली मंडळी एकत्र आली आणि गाडी भरली, तर माणशी खर्च खासगी गाडीपेक्षा पुष्कळ कमी पडतो.

रेल्वेचे गणित थोडे वेगळे आहे. अनारक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते, पण आरक्षणात मुलासाठी वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठांची सवलत रेल्वेने मार्च 2020 मध्ये बंद केली. त्यामुळे घरात वडीलधारे असतील तर लांबच्या पल्ल्याला एसटी आणि रेल्वे यांचा हिशेब आधी ताडून पाहावा. लोकल, पॅसेंजर आणि मेमू यांना मात्र स्वस्ताईत तोड नाही.

पुणे-लोणावळा लोकलवरचे मळवली हे या स्वस्ताईचे उत्तम उदाहरण. लोकलचे तिकीट वीस रुपयांच्या आत आहे. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले आणि मागे लोहगड-विसापूरची जोडगोळी. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे चालत जाता येते. गावातून पायऱ्या चढल्या की इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची बावीस लेणी समोर येतात. मुलांना इथे एक गोष्ट जवळ नेऊन दाखवावी. मुख्य चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा रेटा पेलण्यासाठी खांब असे कलते रोवत. दगडात कोरताना त्याची काही गरज नव्हती, तरी कारागिरांनी हाताची जुनी सवय सोडली नाही. थोडे पुढे चौदा दगडी स्तूप दाटीवाटीने उभे आहेत. आणखी पुढे शेवटच्या विहाराच्या भिंतीवर रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेला आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट नसते, मोठ्यांना इथे पंचवीस रुपये. दोन मोठी आणि दोन लहान माणसे पुण्याहून जाऊन, भाजे पाहून दोनशे रुपयांच्या आत परत येतात. तालुक्याच्या गावी सिनेमा पाहायलाही याहून जास्त लागतात.

ज्यांचे पाय मजबूत आहेत त्यांनी भाज्यातून लोहगड गाठावा. युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात लोहगड आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर लोहगडाचा हट्ट सोडून रिक्षाने कार्ल्याला जावे. भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह तिथे आहे आणि त्याच्या कमानीतल्या लाकडी फासळ्या अजून मूळच्या आहेत. शेजारीच कोळी-आगऱ्यांची एकवीरा आई आहे, त्यामुळे एकाच खेपेत देवदर्शनही होते. मळवलीच्या बेतात सांभाळायचे ते एवढेच की दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल फार कमी असतात. सकाळी लवकर जावे आणि परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

मुंबईकरांना असेच सुख अलिबागला मिळते. गेटवेवरून मांडव्याची बोट आणि पुढे अलिबागपर्यंतची बस काही कंपन्यांच्या एकाच तिकिटात येते. समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. तिथे घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. कोकणातल्या माणसांचा साधा हिशेब असा: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी साडेदहाच्या सुमारास. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, ओहोटी चारच्या आसपास. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते म्हणून ती सोयीची वाटते, पण तेव्हा भांगाचे पाणी असते. ते फार चढत नाही तसे फार उतरतही नाही आणि वाटेवर गुडघाभर पाणी राहू शकते. घोडागाड्या असतात, तरी किनाऱ्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय मुलांना घेऊन पाण्यात उतरू नये. किल्ल्यात गेल्यावरही गप्पांत वेळ विसरू नये, कारण भरती लागली की वाट बुडते.

पुण्या-मुंबईबाहेरही अशा जागा कमी नाहीत. छत्रपती संभाजीनगरहून एकाच रस्त्यावर देवगिरीचा किल्ला, खुलताबाद, घृष्णेश्वर आणि वेरूळची चौतीस लेणी येतात. वेरूळला तिकीट चाळीस रुपये. दिवस एकच असेल तर देवगिरी किंवा वेरूळ यातले एक निवडावे. दोन्ही गाठण्याच्या घाईत मुले कैलास लेण्यासमोर पेंगताना दिसतात. कोल्हापूरकरांना वीस किलोमीटरांवर पन्हाळा आणि वाटेत जोतिबा. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर. नागपूरकरांना रामटेक, जिथे टेकडीवरचे मंदिर, कालिदासाचे स्मारक आणि खिंडसी तलाव एका दिवसात होतात. सोलापूरकरांनी नळदुर्ग पावसाळ्याच्या अखेरीस पाहावा. बोरी नदी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही काळात बांधलेला पाणीमहाल आहे. नदीला पुरेसे पाणी असले की ते त्याच्या डोक्यावरून नर-मादी धबधब्यांच्या रूपाने कोसळते आणि महालात बसलेल्यांना भिजवत नाही.

जेवणाचा खर्च वाचवण्याचा उपाय आजीला ठाऊक आहे. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, म्हणून प्रवासाला तीच न्यायची. जोडीला शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे, गुळाचा खडा आणि न चिरलेली काकडी. ओला नारळ घातलेले किंवा रस्सा असलेले काही नको. उन्हाच्या दिवसांत ते दुपारपर्यंत आंबते. पाणी घरून भरून न्यावे. एका कुटुंबाला दिवसभरात सहा-सात बाटल्या सहज लागतात आणि पर्यटनस्थळी त्यांचाच खर्च जेवणाइतका होतो. गावातल्या एखाद्या घरगुती खाणावळीत पिठलंभाकरी मिळत असेल तर मात्र शिदोरी संध्याकाळसाठी ठेवून तिथे जरूर बसावे. त्या पैशाने गावाला चार घासांचा आधार होतो.

बेत ठरवताना वार पाहावा लागतो. अजिंठा, घारापुरी आणि कान्हेरी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारी लोणावळ्यासारख्या ठिकाणी गर्दीत अर्धा दिवस जातो. रजा टाकता येत असेल तर मधला वार सोन्यासारखा. ऐन पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या बोटी बंद असतात, आणि नेरळहून माथेरानला जाणारी 1907 सालची छोटी गाडीही अमन लॉजपर्यंतच्या घाटात बंद असते. धबधब्याखाली आणि धरणाच्या सांडव्यावर मुलांना नेऊ नये. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही अचानक लोंढा घेऊन येतो.

आणखी एक गोष्ट, जी पाटीवर लिहिलेली नसते. आडगावाच्या वेळापत्रकात संध्याकाळी दिसणारी शेवटची गाडी अनेकदा मुक्कामाची असते. ती गावात जाते, रात्री तिथेच राहते आणि पहाटे निघते. तिच्या भरवशावर थांबलेले कुटुंब रात्री गावातच अडकते. म्हणून सकाळी स्थानकात उतरल्याबरोबर नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन विचारावे: परतीची शेवटची गाडी कितीला, आणि त्याच्या आधीची कितीला? निघायचे ते आधीच्या गाडीने.